रिंगमास्तर

रिंगमास्तर माणसाला आधी रडवायचे आणि मग त्याचा फोटो काढायचे. हे मी रागानं सांगत नाही, ती त्यांची कामाची रीतच होती. न्हावी वस्तरा चालवायच्या आधी गाल ओला करून घेतो ना, तसं. लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला पुण्याहून, पिंपरीहून जोडपी यायची. पवना धरणाच्या पाण्याकाठी हातात हात घालून उभी राहायची. रिंगमास्तर कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "हात सोडा. धरल्यावानी वाटत न्हाई, पकडल्यावानी वाटतोय." मुलगा कसंनुसं हसायचा. मग मुलीकडे वळून, "तू हसू नको. दात काढती तवा खोटी दिसती." तिसऱ्या वाक्याला कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी उभं राहायचं, आणि त्या पाण्यावर रिंगमास्तर निवांत फोकस करत बसायचे.

त्यांचं नाव सुदाम. मूळ गाव आंदर मावळात, पण उमेदीची सगळी वर्षं लोणावळ्यात गेली. बाजारात चिक्कीच्या दोन दुकानांच्या मधे त्यांचा अरुंद स्टुडिओ होता. हल्लीचे कॅमेरे माणसाचा डोळा आपले आपण शोधतात, त्यावर चौकट बसवतात आणि क्षणात चित्र स्पष्ट करून देतात. फोटोग्राफरनं बटण दाबायचं, बस. रिंगमास्तरांनीही असला महागाचा नवा कॅमेरा घेतला, आणि त्याला लावल्या रिळाच्या जमान्यातल्या त्यांच्या जुन्या लेन्स. मधे एक धातूचं कडं बसवलं की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसते. पण दोघांची बोलचाल नसते. समोर लेन्स आहे हेसुद्धा त्या कॅमेऱ्याला कळत नाही. फोकस करायचा तर लेन्सवरची रिंग हातानं फिरवायची, केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे. म्हणून मांडववाल्यांनी त्यांचं नाव रिंगमास्तर ठेवलं. एक तर रिंग फिरवतात म्हणून, आणि दुसरं, सर्कशीतल्या चाबूकवाल्यासारखे वागतात म्हणून. त्यांना फक्त पहिलं कारण माहीत होतं.

मी त्यांच्याबरोबर नवरीच्या मेकअपचं काम करायची. माझं पार्लर स्टेशनच्या पलीकडे. गिऱ्हाईक त्यांचं, चेहरा माझ्याकडे. मला ते कधी सुजाता म्हणाले नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव रंगारीण ठेवलं. "काय रंगारीण, झाली का भिंत?" असं नवरीच्या देखत विचारायचे. नवरी म्हणजे भिंत. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले होते. का गेले? कारण आदल्या दिवशी काढलेला त्या नवरीचा फोटो मी पाहिला होता. मी तीन तास जो चेहरा रंगवला तो त्यात नव्हताच. त्याच्या खालची मुलगी होती. घाबरलेली, जागरण झालेली, आणि फार सुंदर.

एकदा मी विचारलं, "सर, नवा कॅमेरा आपोआप डोळा पकडतो, तर हा जुन्या काचांचा व्याप कशाला?"

"कॅमेऱ्याला डोळा गावतो," ते म्हणाले. "त्या डोळ्यात काय चाललंय ते गावत न्हाई." मग खरं कारण सांगितलं. "आनि येळ लागतो ना. माणूस ताटकळला की त्याचं सोंग गळतं. म्या रिंग मुद्दाम हळू फिरवतो."

उन्हात शालूत उभी असलेली मुलगी घामानं भिजायची, पाय बदलायची, होणाऱ्या नवऱ्यावर वैतागायची. सोंग गळायचं हे खरं. पण त्यांच्या तोंडावर तेव्हा जे समाधान दिसायचं ते सगळंच काही कलेचं नव्हतं.

हाताखालच्या माणसांशी ते कसे वागायचे, ते तर बोलायची सोय नाही. सचिन नावाचा तिशीतला एकजण त्यांच्याकडे दुसरा कॅमेरा सांभाळायचा. काम संपलं की रिंगमास्तर सगळ्यांदेखत, अगदी नवरीच्या मामा-मावश्यांदेखत, सचिनचे फोटो लॅपटॉपवर लावायचे आणि मोठे मोठे करत जायचे. चेहरा, मग डोळा, मग नुसती पापणी. "हा नवरदेव हाये का वाफ?" ते विचारायचे. "पापणी मोजता आली पायजे मला. ही काय शेवाळाची वडी काढलीस?" मावश्या पदर तोंडाला लावून हसायच्या. सचिन खाली बघून केबल गुंडाळत राहायचा. एका लग्नात त्यानं चुकून रिंगमास्तरांच्या लेन्सला हात लावला, तेव्हा वऱ्हाडासमोर त्याच्या कानाखाली वाजवली होती. सचिननं पुढच्या महिन्यात काम सोडलं आणि स्वतःचा धंदा काढला. ड्रोन, क्रेन, सगळं घेतलं. रिंगमास्तर म्हणाले, "आकाशातनं काढतो आता. जवळनं काढायची छाती न्हाई."

लेन्स त्यांच्या तीन. एक रशियन, एक जपानी, आणि एक जर्मन, तिला ते म्हातारा म्हणायचे. लोणावळ्याच्या पावसात चपलांना, पुस्तकांना, भिंतींना बुरशी धरते, आणि लेन्सच्या आतल्या काचांनाही धरते. एकदा आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले की लेन्स गेली. म्हणून रिंगमास्तरांनी घरातल्या लाकडी कपाटात बल्ब बसवला होता. पावसाळाभर तो बल्ब रात्रंदिवस जळायचा आणि कपाट उबदार, कोरडं राहायचं. त्याच खोलीत वहिनी, म्हणजे त्यांची बायको, ओल आलेल्या भिंतीला पाठ लावून दम्यानं धापत बसलेल्या असायच्या. हिटर घ्यायचं दरवर्षी ठरायचं आणि राहून जायचं.

"सुजाता," वहिनी मला एकदा श्वास सावरत म्हणाल्या, "पुढच्या जन्मी मी काच होणार. या माणसाच्या घरात काचेलाच सुख आहे."

रिंगमास्तर तिथेच बसून म्हाताऱ्याला मऊ कापडानं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "काचंतनं आरपार दिसतं. तुज्यातनं काय दिसतं?"

वहिनी हसल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्या लेकीकडे चिंचवडला गेल्या, आणि पाऊस संपला तरी परत आल्या नाहीत.

अशा माणसाजवळ मी का टिकले, याला दोन कारणं आहेत. पहिलं असं, की आम्ही एकदा त्यांच्या गावाला एका ओढ्यावर फोटो काढायला गेलो होतो. दुपारी जेवायला त्यांच्या भावाच्या घरी थांबलो. भावानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गळ्यात निळ्या दोऱ्यातलं बुद्धाचं छोटं पदक होतं, त्यावर नजर थांबली. मग मला ओटीवरच बसायला सांगून त्यानं आत जाता जाता विचारलं, "सुदाम, ही कुनाची रं?" रिंगमास्तर तोवर उंबऱ्याच्या आत पोचले होते. तिथूनच ओरडले, "माज्याकडं कामाला हाये. तुज्याकडं सोयरीक घिऊन न्हाई आली. ताट मदी मांड, न्हाईतर आमी दोघंबी चाललो." माझं ताट आत मांडलं गेलं. जेवताना ते मला म्हणाले, "खा गुमान. आनि त्या नवरीच्या भिवया लय काळ्या केल्यात तू, बेवड्याच्या मिशीसारख्या." त्या एका घासाबरोबर त्यांनी मानही वाढला आणि अपमानही.

दुसरं कारण पवनेच्या काठावरचं. गिऱ्हाईक उशीर करत होतं. रिंगमास्तरांनी काही न बोलता कॅमेरा माझ्या हातात दिला. पाण्यातल्या वाळलेल्या खोडावर एक बगळा बसला होता. पडद्यावर मला नुसता पांढरा धूर दिसला. "रिंग फिरीव," ते म्हणाले. "हळू. भाकरी थापत न्हाईस तू." मी फिरवली. धूर गोळा होत गेला. आधी मान आली, मग चोच, मग अचानक डोळ्याचा पिवळा मणी टचकन उभा राहिला, आणि पुढच्या क्षणी रिंग केसभर जास्त फिरली आणि पुन्हा सगळं विरघळलं. माझ्या तोंडून "अरे!" निघालं. रिंगमास्तर हसले. खरं हसले, लहान पोरासारखे. "आला आनि गेला," ते म्हणाले. "जे आलं ते तुज्या हातानं आलं. यंत्रानं न्हाई दिलं." त्यानंतर मी कुणाही माणसाकडे बघताना, नक्की कुठं बघायचं ते ठरवून बघायला लागले. ती सवय अजून आहे.

आणि ज्या नजरेनं त्यांनी मला हे दिलं, त्याच नजरेनं त्यांनी ऋतुजाचं लग्न मोडलं.

ऋतुजा तळेगावची. डाव्या जबड्यापासून गळ्यापर्यंत तिला लहानपणी भाजलं होतं. कातडी ओढल्यासारखी, चकचकीत झालेली. तिची आई माझे हात धरून म्हणाली, "बाई, तेवढं झाका." मी झाकलं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम असेल. होणाऱ्या नवऱ्याला माहीत होतं. त्याच्या घरच्यांनाही भाजल्याचं सांगितलं होतं, पण पदराआडून, ओझरतं. तो मुलगा शूटच्या सुरुवातीला रिंगमास्तरांना हळूच म्हणाला, "सर, सगळे फोटो उजवीकडूनच घ्या."

रिंगमास्तरांना कुणी काही सांगितलेलं चालायचं नाही. पण त्या दिवशी ते नुसतं "बरं" म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. सकाळभर त्यांनी उजवीकडूनच फोटो काढले. एकाही माणसाला रडवलं नाही. काम संपलं, मुलगा गाडी आणायला गेला. ऋतुजा दमून एका दगडावर बसली, आणि मान मागे टाकून बाटलीतलं पाणी प्यायली. घामानं गळ्यावरचा माझा रंग उतरला होता, पदर खांद्यावरून घसरला होता. रिंगमास्तरांनी लेन्स बदलली, जपानी लावली आणि डावीकडे गेले. नवा कॅमेरा आपल्या मनानं वागला असता तर त्यानं तिचा डोळा पकडला असता. यांनी रिंग फिरवून फोकस आणला तो त्या डागावर. तोही सूतभर जागेवर. तिचा चेहरा मागे धुक्यात गेला, आणि पुढे ती भाजलेली कातडी रेघन् रेघ स्पष्ट.

फोटो निवडायला दोन्ही घरची मंडळी स्टुडिओत आली, तेव्हा रिंगमास्तरांनी मोठ्या पडद्यावर पहिला तोच लावला.

मुलाची आई पडद्याकडे बघत राहिली, मग मुलाकडे वळून म्हणाली, "एवढं आहे हे?" मुलगा चपलांकडे बघत होता. ऋतुजानं पदर वर घेतला नाही, रडलीही नाही. ती रिंगमास्तरांना म्हणाली, "हा तुम्ही मला विचारून काढायला हवा होता." आणि उठून गेली. आठवड्याच्या आत लग्न मोडलं. फोटो फार चांगला होता. सगळ्यात वाईट गोष्ट ही होती.

तिचे वडील आले. एका कारखान्यात काम करणारा, हळू बोलणारा माणूस. खुर्चीवर टेकून म्हणाले, "सायेब, एवढाच फोटो काढून टाका. बाकी कायबी म्हननं न्हाई."

रिंगमास्तर म्हणाले, "मी थोडंच भाजलंय तिला?"

"न्हाई," ते म्हणाले. "म्या भाजलंय. न्हानीत उकळतं पानी माज्याच हातनं सांडलं. ती तीन वर्साची व्हती. आजपत्तुर तिनं कुनाला सांगितलं न्हाई कुनी सांडलं ते. आईला बी न्हाई."

मला वाटलं, आता तरी हा माणूस वितळेल. रिंगमास्तर म्हणाले, "फोटो खरा हाये. मी खरं पुसत न्हाई."

त्या गृहस्थांनी हात जोडले आणि ते गेले. मी म्हटलं, "सर, तो उडवा. आत्ता, माझ्यासमोर." ते म्हणाले, "तू भिंती रंगव." मी माझी मेकअपची पेटी उचलली आणि बाहेर पडले. खरं वगैरे काही नव्हतं ते. 'उजवीकडून घ्या' असं एका पोरानं सांगितलं, त्याचा तो सूड होता. आणि त्यात मधे उभी होती ती मुलगी.

पुढे बरेच दिवस मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. कानावर येत होतं. लोणावळा तसं लहान आहे. स्टुडिओत नवं दार बसवलं, तर चौकट वाकडी बसवली म्हणून त्यांनी सुताराला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. सुतारानं ओळंबा लावून दाखवलं, चौकट सरळ होती. त्यांनी ओळंबाच वाकडा आहे म्हणून त्याला हाकलला. बाजारात लोकांनी ही गोष्ट हसून हसून सांगितली. मीही हसले.

मग एक दिवस वहिनींचा फोन आला. "सुजाता, मी परत आलेय लोणावळ्याला. यांना दिसत नाही गं."

दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. चिंचवडच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली, त्यानं नजर जायची थांबली नाही, फक्त वेग कमी झाला. या दुखण्यात कडेचं दिसतं. मधलं, ज्याच्याकडे बघावं तेच, नेमकं पुसलं जातं. सरळ रेघा आधी वाकड्या दिसतात आणि मग तिथं राखाडी डाग बसतो. आयुष्यभर लोकांच्या पापण्या मोजलेल्या माणसाला देवानं, नशिबानं, कुणी म्हणा, निवडून हेच दिलं होतं. मी भेटायला गेले. कणवेपोटी गेले असं म्हणणार नाही. कसे दिसतात ते बघायला गेले.

ते कपाटासमोर बसले होते. माझ्या पावलांवरून ओळखलं. "रंगारीण, माज्याकडं तीन लग्नांची कामं हायेत. तू डोळा हो. रिंग मी फिरवतो."

"माफी मागा आधी," मी म्हटलं.

"कुनाची?"

"ऋतुजाची."

"ती हितं कुटं हाये?" ते म्हणाले.

मी उठले. वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "तो फोटो मी उडवलाय. लेकीकडून शिकले कसा उडवायचा ते. सगळीकडनं उडवला. अधूनमधून विचारतात, तो हाय ना? मी म्हणते, आहे. त्यांना कुठं दिसतंय?" इतकी वर्षं गप्प राहिलेल्या त्या बाईच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते पाहून मी पुन्हा आत गेले आणि कामाला होकार दिला. मला वहिनींसाठी जावंसं वाटलं.

आम्ही काम केलं ते असं. कॅमेऱ्याला तारेनं एक मोठा पडदा जोडलेला. जिथं फोकस असेल तिथल्या कडा कॅमेरा लाल करून दाखवतो. त्यांनी ती सोय कायम बंद ठेवलेली, ती मी चालू केली. ते रिंग फिरवायचे आणि मी पडद्यावर बघत बोलायची, "नाक... गाल... पापणी, थांबा." ते थांबायचे, दाबायचे. पहिल्या लग्नात जमलं. त्यांची बोटं इतकी सराईत होती, की माझा शब्द आणि त्यांचा हात यांत अंतर राहत नव्हतं. त्या दिवशी नवरीला त्यांनी एकही टोचणारं वाक्य टाकलं नाही. सगळं मलाच. "तुजा 'थांबा' बैलगाडीनं येतो. पापणी म्हनती तवर मी कानात पोचतो." माणसं आजारपणात मऊ होतात म्हणे. हे झाले नाहीत. मला त्याचं बरंच वाटलं.

दुसऱ्या लग्नात नवरी हलायला लागली, नवरदेवाचे मित्र माझ्या आणि पडद्याच्या मधे यायला लागले. माझा शब्द उशिरा पडला, त्यांचा हात आधी फिरला. पुढे पुढे मी "थांबा" म्हणायच्या आधीच ते दाबायला लागले. दुसऱ्याच्या डोळ्यावर थांबणं त्यांना सोसेना.

तिसरं लग्न पवनानगरच्या बाजूला, पाण्याकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टवर होतं. तिथं ड्रोनवाला म्हणून सचिन आला होता. हळदीचे फोटो संध्याकाळी पाहुण्यांना दाखवायचे ठरलं. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर आधी सचिनचं चित्रण झालं, आणि मग त्यानं रिंगमास्तरांचे फोटो लावले. एक फोटो आला, नवरदेवाचा. सचिननं तो मोठा केला. आणखी मोठा केला. चेहरा, मग डोळा. डोळा म्हणजे नुसता तपकिरी चिखल. मागचा कान मात्र, आतल्या केसासकट, लखलखीत. पाहुणे हसायला लागले. नवरदेवाचा एक मित्र ओरडला, "कानाचे डॉक्टर आहेत का फोटोग्राफर?" आणि सगळा हॉल फुटला.

रिंगमास्तर माझ्या शेजारी खुर्चीवर बसले होते. टीव्हीच्या दिशेनं तोंड, चेहरा सरळ. त्यांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. हशा तेवढा ऐकू येत होता. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "का हसतायत?"

माझ्याजवळ खोटं तयार होतं. नवरदेवानं मजेशीर तोंड केलंय, असं सांगता आलं असतं. पण ज्या माणसानं मला नेमकं बघायला शिकवलं त्याला मी धूसर उत्तर द्यावं, असं मला वाटेना. आणि थोडं हेही होतं, की त्यांना ते लागावं.

"तुमचा फोटो आहे, सर. डोळा गेलाय. कानावर फोकस आहे."

"किती गेलाय?"

"पूर्ण."

गळ्यातला कॅमेरा काढून त्यांनी मांडीवर घेतला. चाचपडत लेन्स पिळून वेगळी केली, झाकण बसवलं. मग कॅमेऱ्यालाही झाकण बसवलं. हॉलमध्ये पुढचा फोटो लागला होता आणि लोक पुन्हा हसत होते. "चल," ते म्हणाले. "उद्याचं लग्न त्याला करू दे." उठताना त्यांचा पाय खुर्चीत अडकला. मी हात धरायला गेले, तर त्यांनी तो झटकला आणि भिंत धरली.

वहिनी त्यांना चिंचवडला घेऊन गेल्या. वहिनींनी एकच अट घातली होती, लेन्स बरोबर येणार नाहीत. मला वाटलं, ते भांडतील. ते भांडले नाहीत. त्यांनी सचिनला बोलावून घेतलं आणि तिन्ही लेन्स त्याच्यासमोर ठेवल्या. "तुज्याच्यानं व्हनार न्हाई," ते म्हणाले, "पन घे." सचिनचा चेहरा लाल झाला. त्यानं त्या नेल्या. त्याच्या नव्या ऑफिसात काचेच्या फळीवर, खाली निळे दिवे लावून, शोभेला मांडल्या आहेत. मी पाहिल्यात. गिऱ्हाईकं त्यांच्याबरोबर सेल्फी काढतात.

चिंचवडला मी लोकलनं तीन-चारदा जाऊन आले. सातव्या मजल्यावरचं घर, दिवसभर ऊन. वहिनींचा दमा जवळजवळ गेला होता आणि आवाज चढला होता. त्या स्वयंपाकघरातून हुकूम सोडायच्या आणि रिंगमास्तर जमिनीवर बसून लसूण सोलायचे. "साल ठेवलीत एका पाकळीला," वहिनी म्हणायच्या. "नीट बघा." बघा या शब्दावर त्या जरा जास्तच जोर द्यायच्या. ते पाकळी पुन्हा चाचपायचे. मला दोघांकडेही बघवायचं नाही.

शेवटची भेट झाली ती उन्हाळ्यात. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झोपेतच गेले. मला चेहऱ्यावर पुरळ उठलं होतं आणि डॉक्टरांनी काहीही लावायला मनाई केली होती. कित्येक वर्षांत मी पहिल्यांदाच साधी पावडरसुद्धा न लावता घराबाहेर पडले होते. रिंगमास्तर खिडकीजवळ बसले होते. मी समोर जाऊन बसले, तसं त्यांनी तोंड फिरवलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला राग आला. इतक्या लांबून आले, तर तोंड फिरवतात.

"रुसू नको," ते म्हणाले. "डाक्टरनं शिकवलंय. मदी दिसत न्हाई, कडंनं दिसतं. तुज्याकडं बघायचं तर मला दुसरीकडं बघावं लागतं."

मग तसेच, मान तिकडे ठेवून, ते मला न्याहाळू लागले. कपाळाला आठ्या पडल्या.

"लय थापलंयस आज," ते म्हणाले. "मानूस दिसंना त्यात."

वहिनी आतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी माझ्या कोऱ्या, पुरळ उठलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी मानेनंच त्यांना नको म्हटलं.

"हो सर," मी म्हटलं. "जरा जास्तच झालंय. पुसते."

मी ओढणीचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं, गाल पुसले, हनुवटी पुसली. पुरळावर ओढणी घासून आग होत होती. ओढणीला काहीच लागलं नाही.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

"हां," ते म्हणाले. "आता बरी दिसती."

आणि खिडकीकडे तोंड करून ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले.